हंसा वाडकर: पडद्यावरची सखू, पडद्यामागची रतन

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. नेट कमी असेल, हेडफोन तुटला असेल, तर इथं वाचा. एक सूचना: या भागात घरातली हिंसा, दारू आणि आत्महत्येचा उल्लेख आहे.)

यवतमाळहून बोलतोय. कोणी एसटीत असाल, दारव्हा नाहीतर घाटंजीच्या रोडवर, कोणी लायब्ररीत एमपीएससीचं पुस्तक उघडं ठेवून चोरून ऐकत असाल. ऐका राजेहो, पुस्तक कुठं पळून जात नाही.

मागच्या महिन्यात खूप जणांनी मेसेज केला की हॉलिवूडच्या जुन्या नट्यांवर एक भाग करा. ज्यांचं आयुष्य त्यांच्या सिनेमासारखंच झालं, अशा. विषय भारी आहे. पण मी म्हटलं, हॉलिवूडला जायची गरज काय? आपल्या मराठीत एक बाई होऊन गेली. तिच्या आयुष्याची गोष्ट इतकी जबरदस्त होती की तिच्यावरच सिनेमा निघाला, आणि त्या सिनेमातल्या नटीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्या बाईचं नाव हंसा वाडकर. किती जणांनी ऐकलंय? तुमच्या आजीला विचारा. आजी लगेच म्हणेल, "अगं बाई, ती 'सांगत्ये ऐका'मधली!"

तेरा वर्षांची कमावती पोरगी

सुरुवातीपासून सांगतो. २४ जानेवारी १९२३ ला मुंबईत एक मुलगी जन्मली. नाव रतन, आडनाव साळगावकर. घराण्यात गाणं होतं, कलावंतिणींची परंपरा होती. म्हणजे कला होती, पण समाजात मान नव्हता. घरात पैसा टिकत नव्हता आणि दारू होती.

मग घर चालवायचं कोणी? घरातल्या पोरीनं. १९३६ मध्ये तिचा पहिला सिनेमा आला, मामा वरेरकरांचा 'विजयाची लग्ने'. तेव्हा रतन तेरा वर्षांची. आपल्याकडे तेरा वर्षांची पोट्टी सातवी-आठवीत असते. पडद्यासाठी तिचं नाव बदललं. रतन साळगावकर गेली आणि हंसा वाडकर आली. तिच्या आयुष्यातली पहिली भूमिका तीच म्हणा ना. नावापासूनच सुरुवात.

थोडं हॉलिवूडकडे पण बघू, कारण मागणी तुमची आहे. हंसाबाईंच्या सात महिने आधी, जून १९२२ मध्ये, अमेरिकेत ज्युडी गारलँड जन्मली. तीसुद्धा लहानपणापासून स्टेजवर, तीसुद्धा कमावती पोर. १९३९ मध्ये 'द विझार्ड ऑफ ऑझ' आला आणि ती जगभर पोचली. त्या सिनेमात ती वादळात हरवलेली मुलगी आहे आणि तिला एकच गोष्ट हवी आहे: घरी जायचंय. त्याच १९३९ मध्ये आपली हंसा मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'नवजीवन' आणि 'दुर्गा' करत होती. वय सोळा. तिलाही हवं होतं घरच.

हे "घर" लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सखू खांबाला बांधली

१९४१. पुण्याची प्रभात फिल्म कंपनी. आज जिथं एफटीआयआय आहे ना, तीच जागा. प्रभातनं 'संत सखू' काढला आणि सखूची भूमिका दिली अठरा वर्षांच्या हंसाला.

सखूची गोष्ट आपल्या घराघरात माहीत आहे. कऱ्हाडची सून. सासू छळते, नवरा आईच्या बाजूनं. सखूला पंढरपूरला जायचंय आणि घरचे तिला खांबाला बांधून ठेवतात. मग विठ्ठल येतो, सखूचं रूप घेतो आणि तिच्या जागी स्वतः बांधून घेतो. सखू सुटते, वारीला जाते. इकडे देव सासरची धुणीभांडी करतो.

तंबूतल्या टॉकीजमध्ये बाया हे बघून रडायच्या असं जुनी माणसं सांगतात. का रडणार नाहीत? हॉलमधल्या कितीतरी जणी अशाच बांधलेल्या होत्या. फरक एवढाच की त्यांच्या दाराशी विठ्ठल येत नव्हता.

आणि पडद्यावरच्या सखूच्या दाराशी तरी कुठं आला? हंसाबाईंचं लग्न फार लहान वयात, जगन्नाथ बंदरकर यांच्याशी झालं होतं. ते वयानं बरेच मोठे, घरात येणंजाणं असलेले. हंसाबाईंनी पुढं आत्मकथनात सांगितलंय की लग्नानंतर त्यांना सिनेमा सोडून संसार करायचा होता. नवऱ्याला मात्र तिचं काम बंद व्हायला नको होतं, कारण पैसा तिथून यायचा. आणि वर संशय पण. कोणाबरोबर काम केलं, उशीर का झाला, याची उत्तरं द्यायची.

आता हे नीट समजून घ्या. नेहमी आपण ऐकतो की घरच्यांनी बाईला काम करू दिलं नाही. इथं उलटं आहे. हिला कामाच्या खुंट्याला बांधलं होतं. बाहेर जायला लावायचं आणि बाहेर गेली म्हणून बोलायचं. दोरी तीच, फक्त खांब वेगळा.

बया आणि तमाशाचा फड

१९४७. 'लोकशाहीर रामजोशी'. व्ही. शांताराम आणि बाबुराव पेंटर यांचं दिग्दर्शन, लिहिणारे ग. दि. माडगूळकर, संगीत वसंत देसाईंचं. जयराम शिलेदार झाले रामजोशी आणि हंसाबाई झाल्या बया, तमाशातली नर्तकी. कीर्तन-पुराणाच्या घरातला ब्राह्मण कवी तमाशाच्या फडात जातो आणि समाज त्याला बाहेर टाकतो, अशी गोष्ट. सिनेमा तुफान चालला. मराठीत तमाशापटांची जी लाट आली, तिची सुरुवात इथून धरतात.

दोन वर्षांनी, १९४९ ला, 'संत जनाबाई'. परत संत.

म्हणजे बघा, हंसाबाईंना मिळालेल्या मोठ्या भूमिका कोणत्या? एकतर संत, नाहीतर तमासगिरीण. एकीच्या पाया पडायचं, दुसरीवर फेटे उडवायचे. या दोन टोकांच्या मधे जी साधी बाई असते, जिला नवरा, लेकरू, दोन खोल्यांचं घर आणि थोडी शांतता हवी असते, ती भूमिका तिला पडद्यावर फारशी मिळाली नाही आणि घरीही कोणी दिली नाही.

मला विचाराल तर आयुष्य आणि सिनेमा एकसारखे झाले म्हणजे नेमकं काय झालं, ते इथं दिसतं. नशीब वगैरे काही नाही. ज्या समाजानं सिनेमात बाईसाठी दोनच खोके बनवले, त्याच समाजात ती राहत होती. खोके घरीपण तेच होते. मग गोष्ट एकसारखी होईल नाही तर काय?

घर शोधता शोधता

मग एके दिवशी ती निघाली. घर सोडलं. एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका गावात गेली. हे सगळं तिनं स्वतः सांगितलंय, कोणी चघळलेली गॉसिप नाही. तिथं मोठा वाडा होता, शेती होती आणि त्या माणसाच्या आधीच्या बायकाही होत्या. मुंबई-पुण्यात जिचे पोस्टर लागायचे ती बाई तिथं डोक्यावर पदर घेऊन राहिली. सुरुवातीला बरंही वाटलं असेल. शेवटी घर मिळालं ना! पण त्या घराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तीन वर्षांच्या आसपास हे चाललं. मग सुटका करून घ्यायला तिला नवऱ्यालाच निरोप पाठवावा लागला. एका दोरीतून सुटायचं म्हणून दुसरी दोरी पकडायची.

सखूच्या गोष्टीत सखू परत येते तेव्हा घरचे बदललेले असतात, तिच्या पाया पडतात. हंसाबाई परत आल्या तेव्हा कोणीच बदललेलं नव्हतं. लेकीपासून ताटातूट झाली, दारू वाढली.

ज्युडी गारलँडचं सांगायचं राहिलं. तिला कमी वयात स्टुडिओवाल्यांनी गोळ्या दिल्या: वजन कमी करायच्या, जागं राहायच्या, मग झोपायच्या. १९५४ मध्ये तिनं 'अ स्टार इज बॉर्न' केला. त्यात ती दारूत बुडालेल्या नवऱ्याला सांभाळणारी नटी आहे. खऱ्या आयुष्यात सांभाळायची गरज तिलाच होती. १९६९ मध्ये, ४७ व्या वर्षी, ती लंडनमध्ये गेली. गोळ्यांचा डोस जास्त झाला होता.

१९५९: 'सांगत्ये ऐका'

आता येतो आजीचा सिनेमा. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवारांचं. गावच्या पाटलानं केलेला अन्याय आणि तो अन्याय लोकांसमोर मांडला जातो तो तमाशाच्या बोर्डावरून. जयश्री गडकर याच सिनेमानं घराघरात पोचल्या. आणि पुण्यात हा सिनेमा किती चालला माहीत आहे? १३१ आठवडे. म्हणजे अडीच वर्षं! आज सिनेमा दुसऱ्या शुक्रवारपर्यंत टिकला तरी पेढे वाटतात.

नाव बघा ना काय आहे: 'सांगत्ये ऐका'. आपल्या वऱ्हाडी बोलीत बायापण "मी जातो, मी सांगतो" म्हणतात. पण अर्थ तोच. मी बोलतेय, तुम्ही ऐका. एवढी साधी मागणी.

आणि अकरा वर्षांनी हंसाबाईंनी हेच नाव आपल्या पुस्तकाला दिलं. आधी 'माणूस' या नियतकालिकात आलं, मग १९७० मध्ये राजहंस प्रकाशनानं पुस्तक काढलं. हंसाबाई बोलल्या आणि ते शब्दांत उतरवलं अरुण साधूंनी. हो, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'वाले अरुण साधू. आणि ते कुठले? परतवाड्याचे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याचे! विदर्भाच्या पोरानं शांत बसून ऐकलं म्हणून ते पुस्तक आज आपल्या हातात आहे. तेव्हा अरुण साधू तिशीच्या आतले होते, तुमच्यापेक्षा फार मोठे नव्हते.

त्या पुस्तकाची मजा, मजा म्हणणं बरोबर नाही, पण ताकद कशात आहे सांगू? त्यात ती रडत नाही. स्वतःला देवी बनवत नाही. दारू प्यायली, तर प्यायली म्हणते. पुरुष आयुष्यात आले, तर आले म्हणते. जे केलं ते सांगते, जे झालं तेही सांगते. १९७० मध्ये मराठी बाईनं असं लिहिणं म्हणजे बॉम्ब होता. ज्युडी गारलँडनंही आत्मचरित्रासाठी टेप रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, पण ते पुस्तक काही पूर्ण झालं नाही. आपल्या हंसाबाईंनी पूर्ण केलं.

ऑगस्ट १९७१ मध्ये हंसाबाई गेल्या. वय ४८. पुस्तक येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

मग आयुष्याचीच 'भूमिका' झाली

१९७७. श्याम बेनेगल यांनी या आत्मकथेवरून हिंदी सिनेमा केला, 'भूमिका'. पटकथेत गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे होते, कॅमेरा गोविंद निहलानींचा. हंसाची झाली उषा, आणि उषा झाली बावीस वर्षांची स्मिता पाटील. नवरा अमोल पालेकर. तुम्ही त्यांना 'गोलमाल'मधला भोळा माणूस म्हणून ओळखता ना? इथं बघा, अंगावर काटा येतो. वाड्यातला मालक अमरीश पुरी. स्मिता पाटीलला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला.

आता साखळी बघा. रतन झाली हंसा. हंसा झाली सखू, बया, जनाबाई. मग हंसाची झाली उषा. एक बाई इतक्या नावांनी जगली, आणि प्रत्येक वेळी कथा साधारण तीच: मला जरा माझं जगू द्या.

शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी आहे, फोन येतो. मी पूर्ण सांगत नाही, बघा तुम्ही. पण सिनेमा तिला विठ्ठल पाठवत नाही एवढं सांगतो. मला तेच खरं वाटलं.

आपल्या यवतमाळातली एक बाई

तुम्ही म्हणाल, भाऊ, हे सगळं मुंबई-पुण्याचं. आपला काय संबंध?

संबंध आहे. ११ जानेवारी २०१९ आठवा. आपल्या यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं आणि मग ते निमंत्रण मागं घेतलं गेलं. देशभर गाजलं ते प्रकरण. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या. त्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली होती.

पण त्यांची आणखी एक ओळख आहे, ती लोक विसरतात. त्या नटी होत्या. 'तेरवं' नावाच्या नाटकात काम करायच्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं. तेरवं म्हणजे तेराव्याचा विधी, आपल्याला सांगायला नको. शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या बायांचं नाटक. आणि त्यात काम करणाऱ्या कोण? त्याच बाया. ज्यांच्या घरात ते घडलं त्या स्वतः.

इथं आरसा-बिरसा काही उरत नाही राजेहो. हंसाबाई दुसऱ्या कोणाची गोष्ट पडद्यावर करत होत्या आणि त्यात त्यांची स्वतःची दिसायची. 'तेरवं'मधली बाई स्वतःचीच गोष्ट करते, पण तिकिटं काढून आलेल्या लोकांसमोर. घरी तिला गावानं एक भूमिका दिलेली असते: पांढरं कपाळ, खाली मान, हळदीकुंकवाला लांब. स्टेजवर ती ती भूमिका उतरवते आणि आवाज चढवते. म्हणजे अभिनय नेमका कुठं चालू आहे? घरी की स्टेजवर? विचार करा.

संमेलनाच्या मंचावर वैशालीताई एकट्या राहिलेल्या बायांच्या जगण्यावर बोलल्या, मोठमोठे साहित्यिक खाली बसून ऐकत होते. त्याच वर्षी त्या यवतमाळ-वाशीममधून प्रहारकडून लोकसभेलाही उभ्या राहिल्या. निवडून आल्या नाहीत. पण विधवेच्या भूमिकेत "निवडणूक लढवणे" हे लिहिलेलंच नसतं. त्यांनी ते स्वतः लिहिलं.

एक बोचरी गोष्टपण बोलू. त्यांना तो माइक मिळाला तेव्हा दुसऱ्या एका बाईचा माइक काढून घेतलेला होता. यात वैशालीताईंचा काहीच दोष नाही. पण बाईनं बोलायचं की नाही हे ठरवणारे आपण कोण, हा प्रश्न मात्र आपल्या शहरात उभा राहिला होता. तो अजून उभाच आहे.

आणि आपण, स्क्रीनच्या या बाजूला

शेवटी आपल्याबद्दल. आज तंबू टॉकीज नाही. प्रत्येकाच्या खिशात टॉकीज आहे. पुसदची, वणीची, पांढरकवड्याची पोरगी रील बनवते. लावणीवर नाचते, शेतात उभी राहून बोलते, नाटकाचा तुकडा करते. खाली कमेंट वाचा एकदा. एका व्हिडिओवर "ताई तुम्ही देवी आहात", दुसऱ्यावर जे लिहिलेलं असतं ते मी इथं बोलू शकत नाही. संत नाहीतर तमासगिरीण. १९४१ आणि १९४७ चे तेच दोन खोके, फक्त ४जी वर.

आणि एक सवय आपल्याला लागली आहे. पडद्यावर जे दिसलं तेच तिचं खरं आयुष्य समजायचं. तमाशातल्या बाईची भूमिका केली म्हणजे ती तशीच असणार. हंसाबाईंच्या घरात जो संशय होता ना, तो एका माणसाचा होता. आता तो संशय हजारो लोकांकडून एकाच वेळी फोनवर येतो. त्या पोरीला रात्री दोन वाजता तो वाचावा लागतो.

मी उपदेश करत नाही. एकच गोष्ट सुचवतो. कोणी बाई आपली गोष्ट सांगायला लागली, पुस्तकात, स्टेजवर, रीलवर, किंवा तुमच्या स्वयंपाकघरात, तर पहिला प्रश्न "हे खरं आहे का?" किंवा "मग तू तिथं गेलीच कशाला?" असा नको. आधी पूर्ण ऐका. अरुण साधूंनी तेच केलं होतं.

तर या आठवड्याचा गृहपाठ. एक: 'भूमिका' बघा. दोन: लायब्ररीत 'सांगत्ये ऐका' मिळालं तर वाचा, दोनशे रुपयांच्या रिचार्जपेक्षा जास्त दिवस पुरेल. तीन: घरी आजीला किंवा आईला विचारा, तुला काय व्हायचं होतं? आणि मग फोन उलटा ठेवून बसा. ती काय सांगते ते तिची परवानगी असेल तर आम्हाला व्हॉइस नोटनं पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात ऐकवू.

भाग आवडला तर मित्रांना पाठवा. नाही आवडला तर शत्रूंना पाठवा. पुढच्या भागात झाडीपट्टीची रंगभूमी, रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपणारी नाटकं. तोपर्यंत काळजी घ्या, राजेहो. भेटू.